घुसळलेलं पाणी

समस्त वाचकांस, तसेच ज्यांच्या पोटात माझ्या हातचं ताक गेलं असेल अशा सर्व स्त्री-पुरुषांस कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या एका नामांकित बागाईतदाराच्या घरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचीही जबरदस्ती नसताना (सासूबाईंची होती, पण ती जबरदस्तीत धरत नाहीत), दोन वर्षं रोज उजाडताना पाणी घुसळलं. नुसतं पाणी. रवीचा आवाज गल्लीत ऐकू जावा म्हणून घुसळलं, आणि त्यातून जे निघालं ते गावाला फुकट वाटलं. या गंभीर गुन्ह्याची कबुली द्यायला मला पंचवीस वर्षं लागली. कारण एवढंच की, आधी सवड झाली नाही.

आता रीतसर सांगते.

माझं माहेर शेळगावच्या जिरायती अंगाला. जिरायती म्हणजे आभाळ देईल तेवढंच पाणी, आणि आमच्याकडचं आभाळ भारी चिक्कू. घरात आम्ही सहा भावंडं, दोन म्हशी, एक गाय आणि खायला ज्वारी. ज्वारीच्या कण्या, ज्वारीची आंबील, ज्वारीच्या लाह्या, ज्वारीची भाकरी. पाहुणा आला तर त्यालाही ज्वारीचीच भाकरी, फक्त जरा पातळ थापलेली. रानात दोन ओळींच्या मध्ये आई मटकी, हुलगा, तूर, अंबाडी पेरायची. त्या ओळी बायकांच्या. त्यात वडील बोलायचे नाहीत. थंडीत त्याच रानात पाथरीची रानभाजी उगवायची. खुरपता खुरपता पदराचा ओटा भरायचा आणि घरी पोचेपर्यंत अर्धी पाथरी कच्चीच मिठाबरोबर पोटात जायची. पण जिरायतीचे गोडवे गायला मी बसलेली नाही. पाऊस गेला की आमची चूल दोन-दोन दिवस गार पडायची, आणि आई आम्हाला खेळायला बाहेर पाठवायची नाही, कारण खेळलं की भूक लागते.

म्हणून कालव्याच्या गावाचं स्थळ आलं तेव्हा घरात कुणी मुलगा कसा आहे हे विचारलंच नाही. पाटाला पाणी बारमाही आहे ना, एवढंच विचारलं. माझी आत्या तर माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जशी मी इंद्राच्या दरबारात नाचायला निघाले आहे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. कालवा तर त्याच्याही आधीचा, साहेबाच्या काळातला. सासरी उतरले आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल तर कुणी शेंदत नसताना वाहणारं पाणी. बांधावर उभी राहून मी ते इतका वेळ बघत राहिले की, सासरच्या बायकांना वाटलं, नवरी जीव द्यायचा विचार करते आहे.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला घुसळखांबापाशी नेलं. भला मोठा डेरा, त्यात रवी, रवीला दोरी. दोरीची दोन टोकं त्यांनी माझ्या हातात दिली आणि लग्नातल्या भटजींनासुद्धा जमला नव्हता इतक्या गंभीर आवाजात सांगितलं, “ह्या घरात दूध इकलं तरी चालंल, तूप इकलं तरी चालंल. ताक इकायचं न्हाय. आन् ताकाला आलेल्या बाईला न्हाय म्हनायचं न्हाय. माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगते.”

एवढं सांगून त्या गेल्या आणि मी घुसळायला लागले.

ताक घुसळणं हे दोघांचं काम आहे. एक आपण आणि एक दही. पहिल्यांदा ते जड असतं, अडून बसतं, दोरी ओढली की उलटं ओढतं. मग आवाज बदलतो. घुर्रघुर्रचं घळघळ होतं, हात हलका होतो, आणि एका क्षणी कुणी न सांगता कळतं की लोणी आलं. त्या क्षणासाठी बाई पहाटे उठते. माझ्यासारखी झोपाळू बाईसुद्धा.

तोवर दाराशी रांग लागलेली असायची. पंधरा-सोळा बाया. आमच्याच रानात कामाला येणाऱ्या, म्हणून त्यांना कामावर जायच्या आधी ताक. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात मोगा, कुणाचं काठ फुटलेलं गाडगं. घरी जाऊन त्यात कण्या शिजवायच्या, मीठ टाकायचं, आणि पोरांना पाजून रानात यायचं. कण्यांनाही कमी नव्हतं, कारण तेव्हा मजुरी धान्यात मिळायची. संध्याकाळी बाई घरी जायची ती पदराला ज्वारी बांधूनच.

आणि या बाया किती तक्रारी करायच्या म्हणून सांगू! फुकटाचं ताक, पण घेताना तोंड असं करायच्या की जणू आम्हीच त्यांचं देणं लागतो. “आज लई आंबट हाय.” “सगळं लोनी काढून घ्येतलं वाटतं, निळं दिसतंय.” “काल घट हुतं.” एक म्हातारी तर रोज बोट बुडवून चाखायची आणि मान हलवायची, जशी कुणाच्या तरी तेराव्याला आली आहे. मला आधी राग यायचा. मग मजा यायला लागली. कधी कुणी तक्रार केली नाही तर मीच विचारायची, “का गं, आज बरं न्हाय का तुला?”

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग ऊस आला.

ऊस आधीही होता, पण एखाद्या तुकड्यात, घरच्या गुळापुरता. कारखान्याचं धुराडं दिसायला लागलं आणि तो सगळ्या रानात पसरला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, उंचेपुरे, आवाज असा की चावडीवर बोलले तर आमच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. त्यांनी एका हंगामात ज्वारीचं सगळं रान मोडलं. वाईट काही केलं नाही त्यांनी. घराला कौलं आली, न्हाणीला फरशी आली, भिंतीवर टोले देणारं घड्याळ आलं, माझ्या नवऱ्याला सायकल आली. गावात उपाशी कुणी मरत नव्हतं, माणसाला बारा महिने काम होतं. माझे वडील आम्हाला भेटायला आले तेव्हा त्या घड्याळासमोर हात जोडून उभे राहिले होते. त्यांना वाटलं देव आहे.

फक्त उसाच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. मटकीच्या ओळी गेल्या, पाथरी गेली. तांदुळजा शोधायला मी बांधोबांध हिंडायची, तर सासूबाई म्हणायच्या, “पाला खायला आपन काय शेळ्या हाय?” ज्वारीच नाही म्हटल्यावर मजुरी धान्यात कुठून द्यायची? ती रोख झाली. रोख पैसा नवऱ्याच्या हातात पडायचा, आणि नवरा निमगाव केतकीच्या बाजारातून काय आणायचा? चहाची पुडी. चहा म्हणजे तेव्हा मोठी सुधारलेली गोष्ट. गुळाचा कोरा चहा आणि त्यात शिळ्या भाकरीचा तुकडा, हे पोराबाळांचं सकाळचं जेवण झालं. पोट गरम व्हायचं. गरम झालेलं पोट दोन तास फसतं.

तरीही ताक होतं. मग रस्त्याला खव्याची भट्टी लागली.

भट्टी लावणारे चाचा इंदापूरकडचे. बारीक अंगकाठी, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप आपला आवाज खाली आणावा लागायचा. दूध आटवायचं, खवा करायचा आणि पुण्याला धाडायचा. चांगल्या दुधाला चांगला भाव, आणि व्यवहार चोख. मामंजींनी तिन्ही म्हशींचं दूध भट्टीला लावलं. माझा नवरा रोज सकाळी सायकलला दोन्ही बाजूंनी घागरी बांधून निघायचा. चहापुरतं दूध घरात राहायचं, आणि विरजणाला एक वाटी.

आधीचं विरजण पुरवून पुरवून सासूबाईंनी तीन दिवस काढले. दूध विकावं की नाही हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत नव्हती. पण रांग त्यांच्या दारात लागणार होती, आणि सासूला दिलेला शब्द त्यांचा होता. चौथ्या दिवशी पहाटे त्या स्वतः डेऱ्यापाशी आल्या. दुधाच्या घागरी विसळलेलं पाणी त्यांनी डेऱ्यात ओतलं. त्यात ती वाटीभर दही. वर हंडाभर पाणी. थोडा विचार करून ज्वारीच्या पिठाची एक मूठ. मग मीठ. आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “घुसळ.”

मी विचारलं, घुसळायचं कशाला, ढवळलं तरी मिसळेल. त्या म्हणाल्या, रवीचा आवाज आला नाही तर लोक काय म्हणतील.

अशी माझी कारकीर्द सुरू झाली.

मी आयुष्यात पुष्कळ कामं केली. उसाला पाणी धरलं, पाचट काढलं, पाचटानं हात फाटले, चार बाळंतपणं झाली. पण पाणी घुसळण्याइतकं दमवणारं काम मी दुसरं केलं नाही. पाणी अडत नाही, ओढत नाही, जड होत नाही, हलकं होत नाही. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच. आणि मुख्य म्हणजे थांबायचं कधी हे कळत नाही, कारण काही येणारच नसतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत घुसळायची. अर्धा तास झाला की थांबायची. खांदे दुखायचे नाहीत. दुखायचं ते दुसरंच काहीतरी, आणि ते दिवसभर उतरायचं नाही. दुपारी रानात बांधावर बसले तरी वाटायचं, आपण अजून दोरी ओढतो आहोत.

रांग मात्र तीच. त्याच बाया, तीच भांडी. मी ओगराळ्यानं ते पांढरट पाणी ओतायची, त्या घ्यायच्या आणि जायच्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग एक दिवस अचानक माझ्या ध्यानात आलं की तक्रार करायचं कुणी नावच घेत नाही. आंबट नाही, निळं नाही, काही नाही. ती बोट बुडवून चाखणारी म्हातारी, तीसुद्धा भांडं पदराखाली झाकून घ्यायची आणि म्हणायची, “लई चांगलं हाय, बाई.”

तेव्हा मला कळलं की त्यांना कळलं आहे. सगळ्यांना. पहिल्याच दिवशी.

ताक चांगलं होतं तोवर त्या नावं ठेवत होत्या. आता नावं ठेवली तर घराची अब्रू गेली असती, आणि त्या घराच्या रानात त्यांना काम होतं. शिवाय खरं सांगायचं तर नुसती कामाची भीती नव्हती ती. लाज होती. आमची लाज त्या झाकत होत्या. रोज सकाळी पाणी नेऊन, गल्लीच्या टोकाला गेल्यावर बहुधा ओतून देऊन. मी घुसळायची नाटक म्हणून, त्या न्यायच्या नाटक म्हणून. इतकं उत्तम वठलेलं नाटक मी पुढे कुठल्या तमाशाच्या फडातही बघितलं नाही. दोन वर्षं चाललं, आणि एकाही पात्राचं वाक्य चुकलं नाही.

त्या रांगेत शेवटी उभी राहणारी एक बाई होती. माझ्याच वयाची, नवरा नुकताच गेलेला, बोलणं अगदी कमी. तिच्या काखेत एक पोर असायची. पोरीला अडीच वर्षं झाली होती आणि ती उभी राहत नव्हती. उठवून बसवली तर बसायची, सोडली की कलंडायची. पोट घागरीसारखं, पाय काडीसारखे, केस तांबूस झालेले. हातात कायम उसाचा तुकडा किंवा गुळाचा खडा. लोक म्हणायचे, मुडदूस झालाय. कुणी बिब्ब्याचे चटके सांगितले, कुणी ताईत आणून दिला. आई उसात काम करायची तेव्हा पोर बांधावर झोळीत. रडायची नाही. रडणारं मूल बघवत नाही म्हणतात. मला त्या न रडणाऱ्या पोरीकडे बघवायचं नाही.

मी माझ्या भावंडांचे पाय आठवायची. उघडीवाघडी, नाक गळणारी, पण पाय असे की तिन्हीसांजेला धरून आणायला आईला गावभर पळावं लागायचं. आमच्या दरिद्री घरात पोरं पळत होती, आणि या सोन्याच्या घराच्या दाराशी पोर उभी राहत नव्हती. या विचाराचं मी पुढे काय करणार होते, हे मला माहीत नव्हतं. मला मूल नव्हतं तोवर, आणि एक दिवस ती बाई सहज बोलून गेली की, थोरली अशीच होती, उभी राहायच्या आधीच गेली. ते तिनं असं सांगितलं, जसं उद्या बाजार आहे हे सांगावं.

दुसऱ्या दिवशी मी चोरी केली.

चोरी अगदी सोपी होती. दूध घागरीत भरायचं काम माझंच. मी दोन शेर दूध काढून घेतलं आणि तेवढंच पाणी घागरीत घातलं. पाण्याचा तर आमच्या घरात सुकाळ होता. काढलेलं दूध चुलीच्या मागच्या शेणकुटांच्या ढिगाआड लपवलं, विरजलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डेऱ्यात ओतलं. दोरी ओढली, आणि खांद्याला ती ओळखीची ओढ लागली. दही अडून बसलं होतं. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते मी डेऱ्यात पडू दिलं नाही. पाणी आधीच पुष्कळ होतं.

मग ही चोरी रोजची झाली. पण लोणी ही भारी चुगलखोर वस्तू. कितीही थोडं दही असो, घुसळलं की ते वर येऊन बसणारच, आणि सासूबाईंनी डेऱ्यात डोकावलं की खेळ खलास. म्हणून बोराएवढा गोळा आला की मी तो बोटानं उचलून ओगराळ्याच्या तळाशी लावायची आणि रांगेतल्या शेवटच्या मोग्यात हळूच सोडायची. त्या बाईनं पहिल्या दिवशी मोग्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मोगा पदराखाली घेऊन निघून गेली. माहेरहून मी ज्वारी आणली होती, त्यातल्या पायलीभर कण्या भरडून तिच्या घरी पोचवल्या.

ताक काही पूर्वीसारखं नव्हतं, पण पाणीही नव्हतं. आणि बारा-तेरा दिवसांनी ती म्हातारी, ती बोट बुडवणारी, भांडं पुढे करून मोठ्यानं म्हणाली, “आज जरा आंबट हाय.”

मागून दुसरी म्हणाली, “कालच्यापरीस पातळबी हाय.”

माझं काम सार्थकी लागलं. बक्षीस मिळालं तर माणसाला असंच मिळावं.

एक दिवस पोरगी आमच्या ओट्याची कड धरून उभी राहिली. क्षणभरच. मग बसली. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ. तिची आई बघून न बघितल्यासारखं करत होती. दृष्ट लागू नये म्हणून. मीही डेरा धुण्यात गुंग झाले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पोरीकडे बघितलं, डेऱ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. मग आत गेल्या. त्यांना कळलं होतं का? आजही मला सांगता येत नाही. विचारायला त्या राहिल्या नाहीत.

शेवटाचा प्रसंग सांगायच्या आधी पुढचं सांगून टाकते, कारण त्यानंतर मला काही बोलायचं नाही. त्या दिवसानंतर सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मामंजी आठ दिवस सासूबाईंशी. नवव्या दिवशी एक म्हैस भट्टीतून सोडवून घराला ठेवली. ती चार-पाच वर्षं टिकली. मग मामंजी गेले, वाटण्या झाल्या, ऊस आणखी वाढला, दुधाची गाडी दारात यायला लागली आणि म्हशीच्या जागी गायी आल्या. डेरा माळ्यावर गेला. गाव सुधारलं, यात शंका नाही; मी स्वतः आता गॅसवर चहा करते. ती पोरगी जगली. उंचीला राहिली ती राहिलीच, पण जगली. तिचं लग्न झालं, तिला आता तीन मुलं आहेत आणि दोन संकरित गायी. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. दूध सगळं डेअरीला जातं, म्हणाली. धाकटा दारात बसून चहात बिस्किट बुडवत होता. मी काही बोलले नाही. दमले होते. इतक्या वर्षांनी तेच वाक्य पहिल्यापासून बोलायचं म्हणजे मोठं काम असतं.

असो. आता तो दिवस.

मी चोरी सुरू केल्याला महिना होत आला होता. सकाळची वेळ, रांग लागलेली, माझ्या हातात ओगराळं. तेवढ्यात भट्टीवाले चाचा अंगणात आले. चाचा स्वतःहून कुणाच्या घरी जायचे नाहीत, म्हणून मामंजी लगबगीनं बाहेर आले, घोंगडी टाकायला सांगितली. चाचा बसले नाहीत. त्यांनी हातातलं केळीचं पान उलगडलं. त्यावर खव्याचे दोन गोळे होते. एक लिंबाएवढा, एक सुपारीएवढा. ते अधूनमधून प्रत्येक घरचं पावशेर दूध वेगळ्या कढईत आटवून बघायचे. मोठा गोळा आमच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या दुधाला पडायचा तेवढा, त्यांनी दुसऱ्या घरच्या खव्यातून मापाला घेतलेला. बारका गोळा आमच्या कालच्या दुधाचा.

“आबा, राग मानू नका,” चाचा म्हणाले. “तुमच्या दुधाला नाव ठिवायची माझी छाती न्हाय. पर कढईला घरानं कळत न्हाय.”

मामंजी त्या सुपारीकडे बघत राहिले. मी ओगराळं डेऱ्यात सोडलं. नवरा सायकलपाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला, कारण दूध नेणारा तोच. मला बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण मामंजींच्या आवाजापुढे माझं तोंड कुणाला दिसणार?

ते म्हणाले, कालवा माझ्या बांधावरून जातो म्हणून मी तो दुधात सोडलेला नाही. ते म्हणाले, हे घर ताकसुद्धा विकत नाही, गावाला फुकट वाटतं, आणि ज्या घरचं फुकटाचं ताक असं, त्या घरचं विकतचं दूध कसं असेल. बिचाऱ्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. ते स्वतः चहा पीत. डेऱ्यात दोन वर्षांत कधी डोकावले नव्हते. बोलता बोलता त्यांना वाटलं की नुसतं बोलणं पुरं नाही. ते आत गेले, देवळीतला खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान घेऊन आले, आणि रांगेकडे वळले. आमच्याकडे बेलभंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही. बोललं तर वंश बुडतो, असं मानतात.

रांगेत पंधरा बाया होत्या. चौदा जणींनी आपापल्या भांड्यात बघितलं. पंधरावी शेवटी उभी होती आणि तिची पोर तिचं लुगडं धरून, स्वतःच्या दोन पायांवर, तिच्या शेजारी. मामंजींनी नेमका तिच्याच तळहातावर भंडारा ठेवला.

“देवाला साक्ष ठिवून सांग,” ते चाचांकडे बघत म्हणाले, “ह्या घरच्या ताकात कदी पानी असतं का?”

तिनं सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे मिटले होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही माहीत नव्हतं. मग तिनं खाली पोरीकडे बघितलं, भंडाऱ्याकडे बघितलं, आणि घराची अब्रू राखायची म्हणून, अगदी मनापासून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलून गेली:

“आबा, दोन वर्सं निस्तं पानीच हुतं, पर कुनाला बोललो न्हाय आमी, आन् आता म्हैना झाला, लई चांगलं येतंय बगा, दुधावानी!”